पोशाखाच्या आतले नट

पडद्यावरचा राक्षस, जलचर, परग्रहवासी किंवा बोलका पक्षी यांच्या आत, खाली वा मागे बऱ्याचदा एक माणूस असतो आणि तो दिसणार नाही याची पुरती खबरदारी घेतलेली असते. चेहरा हे नटाचं मोठं भांडवल. या कामात ते पहिल्याच दिवशी झाकलं जातं. अनेकदा आवाजही दुसऱ्याचा घालतात. उरतं ते शरीर: मानेचा कल, पावलाचा भार, हात उचलण्याआधीचा निमिषभराचा थांबा. एवढ्या ऐवजावर पात्र उभं करणारे वेशधारी नट आणि बाहुलीकार गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत बरेच झाले. त्यातली मोजकी नावं चाहत्यांना पाठ आहेत, बाकीची श्रेयनामावलीतही नीट सापडत नाहीत.

या कामातली पहिली अडचण पोशाखाचीच. रबर आणि फोमचा जाड थर अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मुखवट्याचे डोळे आणि आतल्या माणसाचे डोळे एका रेषेत येतातच असं नाही, त्यामुळे गळ्याजवळच्या बारीक भोकांतून बाहेर पाहावं लागतं. बारीक हालचाल त्या थरातच विरून जाते. मान वळलेली दिसावी तर कमरेपासून वळावं लागतं. पण प्रत्येक गोष्ट मोठी करून चालत नाही. सतत हात-पाय हलवणारा राक्षस काही क्षणांतच पोशाख घातलेला माणूस दिसू लागतो. कधी हलायचं नाही हे कळणं, हे या कलेतलं निम्मं शिक्षण आहे.

ते शिक्षण कसं होतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण जपानमध्ये आहे. यामागाता प्रांतातल्या साकाता इथे १९२९ साली जन्मलेले हारुओ नाकाजिमा हे तोहो चित्रपटसंस्थेतले किरकोळ भूमिका आणि साहसदृश्यं करणारे नट. अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये ते एका दरोडेखोराच्या भूमिकेत आहेत. तो चित्रपट आला १९५४ साली, आणि त्याच वर्षी इशिरो होंडांचा ‘गोडझिला’ही. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांनी नाकाजिमांना गोडझिलाच्या पोशाखात उतरवलं. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा होता आणि इतका ताठ, की त्यात धड चालताच येईना. अखेर तो कापून त्याचे भाग वेगळ्या दृश्यांना वापरले आणि त्याहून हलका दुसरा पोशाख केला. हलका म्हणजे पहिल्याच्या मानानं. प्राण्याचं अवाढव्य वजन पडद्यावर जाणवावं म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा वेगानं चालवत. तसं करायचं तर प्रकाश जास्त लागतो, आणि दिव्यांची ती सगळी धग पोशाखातल्या माणसाला सोसावी लागे. आतून निघालेला घाम अक्षरशः ओतून टाकावा लागे.

हे सोसणं कौतुकाचं खरं, पण नाकाजिमांचं मोठेपण त्यात नाही. त्यांनी उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात, पाऊल कसं टाकतात याचं निरीक्षण केलं. गोडझिला कोणत्याच प्राण्यासारखा नव्हता, तेव्हा त्याची चाल कुणाची उचलावी हा प्रश्नच होता, आणि उत्तर त्यांचं त्यांनाच शोधावं लागलं. पाय जमिनीवरून फार न उचलता पुढे सरकवणं, वळताना आधी अंग आणि मग शेपटी येऊ देणं, इमारतीवर आदळण्यापूर्वी तिच्याकडे एकदा पाहून घेणं यांतून त्या रबराला स्वभाव आला. १९५४ ते १९७२ या काळात बारा चित्रपटांत ते गोडझिला झाले. १९५६ च्या ‘रोदान’मधला राक्षसही त्यांनीच केला. ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेतही ते राक्षसांच्या पोशाखात आले. १९६७ च्या एका चित्रपटात तर ते किंग काँगही झाले.

इतका सलग अनुभव या क्षेत्रात फार थोड्यांना मिळाला. तोहोत नट पगारावर असत. एक राक्षस संपला की दुसरा तयार असे, आणि गेल्या खेपेला काय चुकलं ते पुढच्या खेपेला सुधारता येई. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपटधंदा आक्रसला आणि ही पद्धत मोडली. नाकाजिमांची बदली संस्थेच्याच आवारातल्या बोलिंगच्या क्लबात झाली. अठरा वर्षं टोकियो तुडवणाऱ्या नटाला मिळालेली ती जागा पाहिली, तर त्या हुन्नराची किंमत संस्थेनं काय केली ते दिसतं. उतारवयात परदेशी चाहत्यांनी त्यांना संमेलनांना बोलवायला सुरुवात केली. २०१७ साली, ८८ व्या वर्षी ते वारले.

अमेरिकेत त्याच १९५४ साली ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ आला. त्यातला जलमानव दोघांनी मिळून केला होता. जमिनीवर बेन चॅपमन आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग. श्रेयनामावलीत जलमानव म्हणून दोघांचंही नाव नव्हतं. प्राण्याची रूपरेषा मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीची, तिचं श्रेय रंगभूषा विभागाच्या प्रमुखांनी आपल्याकडे घेतलं. म्हणजे एकाच राक्षसामागची तीन माणसं एकदम अंधारात गेली. ब्राउनिंग फ्लोरिडातल्या नैसर्गिक झऱ्यांवर पाण्याखालचे खेळ करणारे जलतरणपटू. बुडबुडे दिसले तर प्राण्याचा बनाव उघडा पडेल म्हणून पोशाखात हवेची टाकी नव्हती. ते चार-चार मिनिटं श्वास रोखून पोहत आणि हवा हवी झाली की अंग सैल सोडत. ती खूण ओळखून मदतनीस हवेची नळी घेऊन जवळ येत. नायिकेच्या खालून, तिला कळू न देता, तिच्याच लयीत पोहणारा तो प्राणी आजही पाहण्यासारखा आहे, कारण त्यात धमकीपेक्षा कुतूहल जास्त आहे. पुढच्या दोन्ही भागांत जमिनीवरचे नट बदलले, पाण्यातले ब्राउनिंगच राहिले. त्यांनी कारकीर्दही नीट बांधली. ‘फ्लिपर’ या डॉल्फिनच्या कथेचे ते एक जनक, आणि ‘थंडरबॉल’मधली पाण्याखालची दृश्यं त्यांच्या देखरेखीखाली झाली. पोशाखापलीकडचा, पाण्याचा हुन्नर हाताशी असल्यामुळे ते तरले.

ज्यांना केवळ शरीरयष्टीमुळे निवडलं गेलं त्यांच्या वाट्याला हे आलं नाही. बोलाजी बादेजो हे लेगॉसमध्ये जन्मलेले, लंडनमध्ये ग्राफिक कलेचं शिक्षण घेणारे विद्यार्थी. सुमारे सहा फूट दहा इंच उंची आणि अतिशय सडपातळ बांधा. सोहोतल्या एका मद्यालयात ते एका निवडकर्त्याच्या नजरेला पडले आणि रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’मधला प्राणी झाले. त्यांना ताई-ची आणि मूकाभिनयाचे धडे दिले. शेपटीमुळे खुर्चीत बसता येईना म्हणून बसायला खास झोपाळा केला. त्या प्राण्याची ती सावकाश उलगडणारी, माणसासारखी असूनही माणसाची नसलेली हालचाल नंतरच्या कित्येक चित्रपटांनी गिरवली. बादेजोंचा मात्र तो एकमेव चित्रपट ठरला. १९९२ मध्ये, चाळिशीही पुरी व्हायच्या आत, ते गेले.

सात फुटांहून उंच असलेल्या केविन पीटर हॉल यांना अधिक कामं मिळाली. १९८७ या एकाच वर्षी ते ‘प्रिडेटर’मधला शिकारी आणि ‘हॅरी अँड द हेंडरसन्स’मधला केसाळ, भोळा वनमानव होते. हॅरीच्या चेहऱ्यावरचे भाव रेडिओ-नियंत्रणावर दुसरे लोक हलवत, आणि खांद्यांचा संकोच, हातांची हुरहूर हॉल यांची असे. त्या चित्रपटाला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. रिक बेकर यांचा मुखवटा त्या मानाचा होताच, पण मुखवट्याला पारितोषिक असतं आणि त्याखालच्या अभिनयाला रकाना नसतो, ही या धंद्यातली जुनी तऱ्हा आहे. हॉल १९९१ मध्ये वयाच्या पस्तिशीत वारले.

बाहुलीकारांची वाट थोडी वेगळी, कारण तिथे उमेदवारीची पद्धत टिकली. जपानच्या बुनराकूत एक बाहुली तिघे चालवतात आणि पायांवर दहा वर्षं, डाव्या हातावर दहा वर्षं काढल्यावर मुख्य जागा मिळते असं सांगतात. जिम हेन्सन यांच्या मपेट कंपनीत वर्षं एवढी लागत नसली तरी रीत त्याच जातीची होती. मुख्य बाहुलीकाराचा एक हात बाहुलीच्या डोक्यात आणि दुसरा तिच्या डाव्या हातात गुंतलेला असतो. उजवा हात नवख्याकडे येतो. तो बाजूला चिकटून उभा राहतो आणि बाहुली पुढे काय करणार याचा अंदाज शेजारच्या श्वासावरून बांधायला शिकतो. पुढे ‘सेसमी स्ट्रीट’चा काउंट करणारे जेरी नेल्सन १९६५ साली कंपनीत आले ते रॉल्फ या कुत्र्याचा उजवा हात म्हणून. रिचर्ड हंट अठराव्या वर्षी आपण होऊन फोन करून आले. स्कूटर, जॅनिस, बीकर आणि टीकाखोर म्हाताऱ्यांपैकी स्टॅटलर ही त्यांची पात्रं जगभर ओळखली गेली. हंट मात्र १९९२ मध्ये ऐन चाळिशीत गेले तेव्हाही बहुतेक प्रेक्षकांना अपरिचित होते.

याच घरातला बिग बर्ड हा आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी बाहुली आणि पोशाख यांच्या सीमेवरचा. कॅरोल स्पिनी यांनी १९६९ पासून २०१८ पर्यंत तो केला. उजवा हात सरळ डोक्यावर ताणून चोच चालवायची, करंगळीनं पापण्या हलवायच्या, डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात हात नसतो, तो पंख मानेखालून गेलेल्या दोरीनं डाव्याला जोडलेला, म्हणून एक खाली गेला की दुसरा वर येतो. बाहेरचं काही दिसत नाही. छातीवर बांधलेल्या छोट्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्र पाहून चालायचं. ते चित्र आरशासारखं उलटं नसतं, त्यामुळे डावं-उजवं डोक्यात नव्यानं घालून घ्यावं लागतं.

एका पात्रात किती माणसं मावतात याला सीमा नाही. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधल्या जब्बा या अजस्र बाहुलीच्या पोटात टोबी फिलपॉट एका हाताला, डेव्हिड बार्कले दुसऱ्या हाताला आणि तोंडाला, तर माइक एडमंड्स शेपटीला होते. डोळे बाहेरून चालत आणि आवाज मागाहून आला.

मराठी प्रेक्षकाला ही विभागणी ‘झपाटलेला’मुळे परिचयाची आहे. १९९३ च्या त्या चित्रपटात तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्ये यांची आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पण पाध्ये अज्ञात राहिले नाहीत, कारण त्यांची परंपरा शब्दभ्रमाची. वडील यशवंत पाध्ये यांनी घडवलेल्या अर्धवटरावाशेजारी खेळ करणारा माणूस उजेडात बसलेला असतो, किंबहुना त्याचे ओठ हलत नाहीत हे दिसण्यातच गंमत असते. पडद्यामागून सूत्रं हलवणाऱ्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांचं तसं नव्हतं. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मुंबई-पुण्यातल्या अनेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. गावात मात्र अशी अनामिकता सहसा नसते. शिमग्यात संकासुराच्या काळ्या अंगरख्यात कोण आहे हे वाडीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. माणूस पुसला जातो तो प्रेक्षक दूर गेल्यावर आणि मध्ये कंपनी आल्यावर.

संगणकीय प्रतिमा आल्यावर हे काम संपेल अशी भाकितं झाली. संपलं नाही, त्याची जागा बदलली. गिलेर्मो देल तोरो यांच्या २०१७ च्या ‘द शेप ऑफ वॉटर’मधला जलपुरुष डग जोन्स यांनी रबरी पोशाखातच केला. त्याआधीच्या वर्षी जपानच्या ‘शिन गोडझिला’मध्ये रबर नव्हतं. अंगावर संवेदक लावून हालचाली टिपल्या होत्या, आणि त्या हालचालींसाठी बोलावलं होतं क्योगेन या शतकांच्या परंपरेच्या नाट्यप्रकारातले नामवंत नट मान्साई नोमुरा यांना. त्यांचं नाव चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत गुप्त ठेवलं होतं, नंतर मात्र ते जाहीर झालं.