अहवालाखालची सही

ज्याच्या हाती आपण जीव सोपवितो, त्याचे तोंड तरी आपण बहुधा पाहिलेले असते. शल्यविशारद खाटेपाशी येऊन उभा राहतो. घरच्या डॉक्टरांना तर आपल्या तीन पिढ्यांची दुखणी पाठ असतात. परंतु वैद्यकात एक गृहस्थ असा आहे की, ज्याचा निर्णय हे सारे शिरसावंद्य मानतात आणि रोग्याला ज्याचे दर्शन क्वचितच घडते. तो म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ. व्यवहारात आपण त्याला पॅथॉलॉजिस्ट म्हणतो. गाठ साधी की कर्करोगाची, हे तो सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर ठरवितो. रोग्याशी त्याची ओळख काय ती कागदाच्या तळाशी असलेल्या सहीपुरती.

आम्हां प्राध्यापकांच्या नावापुढेही पदव्यांची रांग असते. परंतु ती रांग कितीही लांब असली तरी विद्यार्थी पहिल्याच तासाला आमची परीक्षा घेतात आणि आठवड्याच्या आत निकालही लावून मोकळे होतात. रोग्याला ही सोय नाही. आपल्या रक्ताचा थेंब नीट वाचला गेला की नाही, हे त्याने कशावरून ताडावे? म्हणून या व्यवसायात पदवी हा अलंकार नव्हे, ते तारण आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, उमेदवारीचे एक वर्ष, त्यावर एम.डी.ची तीन वर्षे, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी व तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, एवढी तपश्चर्या त्या सहीमागे उभी असावी अशी अपेक्षा असते. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका वादात, अहवालावर सही करावयाची ती विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच, असा निर्वाळा दिला. यात तंत्रज्ञाची अवहेलना नाही. नमुना तोच घेतो, यंत्र तोच चालवितो. परंतु आकडा काढणे निराळे आणि त्या आकड्याचा अर्थ सांगणे निराळे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे आमच्या गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्यास सहज पटेल. भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झालेला हा धानाचा आणि तेंदूपानाचा मुलूख. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते २०१६ साली. पूर्व विदर्भातील शेजारच्या जिल्ह्यांप्रमाणे येथेही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग घर करून आहे. त्याची प्राथमिक चाचणी रक्तात दोष आहे एवढेच सांगते. मनुष्य रोगी आहे की केवळ वाहक, हे कळण्यास इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची परीक्षा लागते. वाहकाचे आयुष्य सामान्यतः चारचौघांसारखेच जाते. वाहकाने वाहकाशी विवाह केला, तर मात्र प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

आमच्या वर्गातील एका मुलीने असाच एक कागद आम्हांस आणून दाखविला. ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द, खाली रबरी शिक्का, आणि सहीच्या जागी एक वाचता न येणारी रेघ. ना पदवी, ना नोंदणी क्रमांक. त्या एका शब्दावर घरच्यांनी तिला रोगी ठरविले आणि ठरत आलेले लग्न मोडले. पुढे सरकारी रुग्णालयात दुसरी परीक्षा विनामूल्य झाली, तेव्हा ती केवळ वाहक असल्याचे निष्पन्न झाले. वस्तुतः अशा वेळी मुलाचेही रक्त तपासावे, एवढाच सल्ला पुरेसा होता. तो देणारे कोणी त्या कागदामागे नव्हते.

कोणी म्हणेल, गोरगरिबांसाठी सरकारने विमा काढला आहे ना? काढला आहे, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. २०१२ साली ८ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. एका कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ही शेतमजुराच्या घरी लहान गोष्ट नव्हे. परंतु या विम्याचे दार मुख्यतः रुग्णालयाच्या खाटेपाशी उघडते. दाखल झालेल्या रोग्याच्या तपासण्या योजनेत बसतात. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा खर्चही धरतात. त्याआधी महिना दीड महिना चाललेल्या शोधाचे पैसे, तो खासगी ठिकाणी झाला तर, कनवटीचेच. आणि गंमत अशी की, कर्करोगाच्या उपचारास पूर्वमान्यता मिळावयाची तर गाठीच्या तुकड्याचा अहवाल आधी हाती लागतो. म्हणजे ज्या किल्लीने विम्याचे कुलूप उघडावयाचे, ती किल्ली रोग्याने स्वतः विकत आणावयाची. आणि ती खरी की खोटी, हे ओळखण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नाही. सहीतील ढिलाईचा फटका अशा रीतीने सर्वांत आधी, ज्याच्यासाठी विमा काढला त्यालाच बसतो.

आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक अहवालाखाली सही करणाऱ्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावा. आणि तो खरा आहे की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राने विचारणाऱ्यास पडताळून द्यावे. दुसरे असे की, ज्या निदानावाचून उपचारास मान्यताच मिळत नाही, ते निदान खाटेच्या आधी झाले म्हणून विम्याने त्याला परके मानू नये. औषधाच्या बाटलीवरचे नाव आपण दहादा वाचून पाहतो. त्या बाटलीपर्यंत आपल्याला ज्या कागदाने नेले, त्याच्या तळाशी कोणाचे नाव आहे, हेही एकदा वाचण्याची सवय आपल्या घरांतून लागावयास हवी.