पुण्यात ‘फ्रीझ प्लग’!

इंजिनात ‘फ्रीझ प्लग’ नावाचा एक पार्ट असतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं. पुण्यात, मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत! यापेक्षा मोठा जोक असूच शकत नाही.

नाव फसवं आहे. इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा आत पाणी खेळायच्या वाटा तयार करायला वाळूचे गाभे ठेवतात. ते गाभे धरून ठेवायला आणि नंतर वाळू काढायला भोकं लागतात. ती मागाहून पत्र्याच्या छोट्या वाट्या ठोकून बंद करतात. म्हणून खरं नाव कोअर प्लग. थंड देशांत पाणी गोठून फुगलं की कधीकधी ही वाटी बाहेर ढकलली जाते आणि ब्लॉक वाचतो, त्यावरून ते दुसरं नाव पडलं. पण ते नशीब. वाटी त्यासाठी बसवलेलीच नसते. आपल्याकडे ती मरते ती गंजून. आणि गंजते का? तर रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणं हा आमच्या बाबांच्या पिढीचा लाडका उद्योग! कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. नुसत्या पाण्यात ती कुठून येणार?

तर बाबांची जीपच्या घाटाची, १९९६ची गाडी पाणी प्यायला लागली. होज बदलला, वॉटर पंप बदलला, तरी खाली तपकिरी ओघळ. शेवटी आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घालून बघितलं, तर डाव्या इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटमागची वाटी झिरपत होती. शंभर रुपयांच्या आतला पार्ट. एका मोठ्या गॅरेजने सांगितलं, ‘इंजिन उतरवावं लागेल.’ खर्च अठ्ठावीस हजार, वर दोन आठवडे. गाडी विकली तर चाळीस येतील की नाही, शंका. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र भंगारवाल्याला फोन करून भाव विचारत होते. रिटायर झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी ते या गाडीने एकटे गावी जातात. गाडी गेली असती तर हे जाणंही थांबलं असतं, कारण एसटीच्या पायऱ्या आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

गॅरेजवाले फसवत होते असं नाही हं. इंजिन बाहेर असलं की हात मोकळा फिरतो. आणि हीच वाटी ब्लॉकच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलआड असती तर निदान गिअरबॉक्स तरी उतरवावाच लागला असता. आमची कडेला होती, एवढाच काय तो चान्स. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेले तेव्हा एका दुकानदाराने एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांनी गाडीखाली दोन मिनिटं डोकं घातलं आणि म्हणाले, ‘इंजिन कशाला काढायचं? चाक काढा.’

इंजिन गार झाल्यावर त्यांनी सगळं पाणी सोडलं, पुढचं डावं चाक काढलं. ऑइल पॅनखाली जाड लाकडी फळी, तिच्याखाली जॅक. इंजिनाचा भार त्यावर घेऊन माउंटिंग आणि ब्रॅकेट सोडवलं. चाकाच्या पोकळीतून वाटी समोर दिसायला लागली! मग बोथट छिन्नीने तिच्या एका कडेवर नेमके ठोके. मधोमध मारलं तर ती सरळ आत ब्लॉकमध्ये जाते आणि मग बसा चिमटे घालत. कडेवर मारलं की ती आडवी फिरते आणि पक्कडीने ओढून निघते. निघाली तेव्हा एका बाजूने कागदाइतकी पातळ झाली होती. मागून गंजाचा चिखल आला, चहाच्या चोथ्यासारखा. पाइप लावून साफ पाणी येईपर्यंत त्यांनी ब्लॉक धुतला.

खरी मेहनत पुढे होती. पॉलिश पेपरने भोकाची कड चकचकीत करायला त्यांनी अर्धा तास घेतला. ‘इथं गंज राहिला तर नवी वाटी पण रडणार,’ काका म्हणाले. मी नटाने फुगवून बसवायच्या रबरी प्लगबद्दल विचारलं. ‘तो रस्त्यात अडकलात तर. घरी पोचण्यापुरता.’ त्यांनी पितळेची वाटी घेतली, कारण पितळ पोलादासारखं गंजत नाही. कडेला सीलंट, वाटीत तिच्या आतल्या मापाचा सॉकेट, सॉकेटला लांबलचक एक्स्टेंशन. हातोडी फिरवायला आत जागाच नव्हती, म्हणून एक्स्टेंशनचं टोक चाकाच्या पोकळीतून बाहेर काढलं आणि तिथून ठोकलं. मी टॉर्च धरून, वाटी तिरकी जात नाही ना, एवढंच सांगत होते. आठ-दहा ठोके, मग आवाज बदलला, भरीव झाला. वाटीची कड ब्लॉकच्या कडेच्या जराशी आत गेली.

ब्रॅकेट चढवून, सीलंट सुकायला रात्रभर थांबून, सकाळी कूलंट भरलं. कूलंट बरं, पाणी नाही! इंजिन फॅन सुरू होईपर्यंत तापवलं. थेंब नाही. मजुरी, वाटी, कूलंट धरून साडेतीन हजार.

बाबांनी तरी रात्री गाडीखाली ‘सकाळ’ची पुरवणी अंथरलीच. सकाळी सहाला ती कोरडी निघाली. सातला ते गावी निघाले. पाच लिटरचा पाण्याचा कॅन सवयीने डिकीत ठेवला होता. मी तो गुपचूप काढून कूलंटची बाटली ठेवली.