रश्शाची वाटी

कळमनुरीच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून जमाबंदीचे कागद तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माझ्यावर निवृत्तीनंतर स्वतःच्याच ताटाची मोजणी करण्याचा प्रसंग येईल, ही कल्पना मला स्वप्नातही शिवली नव्हती. परंतु नांदेडच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन २.८ असल्याचा अहवाल पुढे ठेवला आणि, रक्तदाबाने मूत्रपिंडे बरीच दुबळी केली असली तरी डायलिसिसची वेळ अद्याप आलेली नाही असे सांगून, किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने, म्हणजे माझ्या ६० किलोंच्या देहाला ३६ ते ४८ ग्रॅम, असे फर्मान काढले.

कोंबडी कायमची बंद होणार या धास्तीने मी आहारतज्ज्ञ बाईंपुढे बसलो. तर त्यांनी, त्या दिवशीच्या डाळीचा वाटा कापून, हाड-कातडे वगळलेले ६० ग्रॅम कच्चे मांस, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रथिने, विनाहरकत मंजूर केले आणि नामंजूर केला तो रस्सा! आमच्या घरात तुकडे लेकराबाळांचे आणि रस्सा थोरांचा, अशी वहिवाट. भाकरी कुस्करून त्यावर तर्रीदार रस्सा ओतला, की आपण कोंबडी जवळजवळ खाल्लीच नाही, असे मी जन्मभर समजत आलो. त्या निरुपद्रवी वाटीतच मीठ, वाटलेले सुके खोबरे, तीळ आणि शिजताना मांसातून उतरलेले पोटॅशियम व फॉस्फरस, असा सगळा मुद्देमाल जमा होता.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी सौभाग्यवतींनी माझ्या वाट्याचे मांस आधी तराजूत तोलले, मुबलक पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतले आणि मग मिठाची चिमूट बोटांत धरून, तिच्यातलीही अर्धी पुन्हा डब्यात झटकून, आले-लसणावर परतले. शेजारच्या पातेल्यात मुलांसाठी काळ्या मसाल्याचा रस्सा रटरटत होता.

"चमचाभर तरी वाढ," मी म्हणालो.

"अहो, तुमच्या चमच्याची वाटी कधी होती ते मला ठावं हाय," असे म्हणून त्यांनी पातेले उचलून थेट माजघरात नेले.

एका हितचिंतकाने कमी सोडियमचे मीठ आणून दिले होते. पण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि माझ्यासारख्याच्या रक्तात ते साचले तर हृदयाचा ठोकाच बिघडवते, असे कळल्यावर ती पुडी साभार परत गेली.

आमच्याच गल्लीत डायलिसिसवरचे एक गृहस्थ आहेत. त्या उपचारात प्रथिने वाहून जातात, म्हणून त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम खाण्याची ताकीद आहे, आणि अन्नावरची वासनाच उडाल्यामुळे पुढ्यातली कोंबडी त्यांना जात नाही. मला जाते, तर मिळत नाही! तेव्हा वाचकहो, माझ्या ताटाचा हा हिशेब पाहून आपले ताट ठरवू नका. आपल्या रक्ताचा अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांनाच विचारा.