पांढऱ्या सदऱ्याची साक्ष

रंग कापडात नसतो, उजेडात असतो, हे मला पुस्तकाने नव्हे, गिरणीच्या रंगखात्याने शिकवले. १९७८ साली परळच्या एका गिरणीत मी उमेदवार म्हणून लागलो. आमचे डाइंग मास्तर नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक खेळ दाखवीत. निळ्या कापडाचे दोन तुकडे ते उत्तरेकडच्या खिडकीपाशी धरीत. दोन्ही एकाच ताग्यातून फाडल्यासारखे दिसत. तेच तुकडे साध्या पिवळ्या बल्बखाली नेले, की एकावर जांभळी झाक चढे आणि दुसरा होता तसाच राही. "आता सांग, यांतला खरा निळा कोणता?" असे विचारून ते पोराची गंमत पाहत आणि मग उत्तरही स्वतःच देत, "गिऱ्हाईक ज्या उजेडात बघेल तो खरा!" पुढे १९८२चा संप आला, गिरणी आजारी पडली, मी दुसऱ्या एका रंगशाळेत गेलो आणि तेथूनच निवृत्त झालो. कापडाचा रंग सांगण्यापूर्वी डोक्यावर दिवा कोणता आहे हे पाहायची सवय मात्र सुटली नाही. साडीच्या दुकानात मी प्रत्येक साडी रस्त्यावर नेऊन पाहतो, म्हणून घरची मंडळी मला खरेदीस नेण्याचे टाळतात.

या सवयीला २०२४ सालच्या सप्टेंबरात अचानक किंमत आली.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. अजून थोडी केळी उभी आहेत, विहिरींना पाणी आहे आणि पाण्यावर मोटारी आहेत. पूर्वी मोटारीच्या खोपीला कुलूप असले तर असे. आता बहुतेक घरांच्या वळचणीला कॅमेरा आहे. दिवेलागणीनंतर गल्लीतून चालत गेले, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती उदबत्तीच्या टोकांसारखे लालसर ठिपके दिसतात. अवरक्त किरणांचे ते दिवे. माणसाचा डोळा साधारण सातशे नॅनोमीटरच्या आसपास थकतो. हे दिवे बहुधा साडेआठशेवर जळतात. त्यांच्या प्रकाशाचा अगदी क्षीण लालसर शेवट तेवढा आपल्याला जाणवतो. काही दिवे नऊशे चाळीसवर असतात, टीव्हीच्या रिमोटसारखे. ते मुळीच दिसत नाहीत. पण कॅमेऱ्याची दृष्टीही तेथे मंदावलेली असल्याने त्यांचा पल्ला आखूड पडतो.

हे किरण प्रथम ओळखले विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली. मूळचे ते संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारे. दुर्बिणीच्या नादाने खगोलशास्त्रज्ञ झाले. लोलकातून पडलेल्या सप्तरंगांत त्यांनी तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, पारा अधिक चढला. घराच्या दाराशी कॅमेरा बसविण्याची कल्पना त्यामानाने अलीकडची. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या न्यूयॉर्कमधल्या परिचारिकेने तिचे पेटंट १९६६ साली मागितले आणि १९६९ साली तिला ते मिळाले. तिच्या कामाच्या वेळा आडनिड्या. पती घरी नसताना रात्री दार कोणी ठोठावले हे तिला दार न उघडता पाहायचे होते. आमच्या वाडीतल्या कॅमेऱ्यांमागेही तिच्याच जातीचे भय आहे. त्याला हसण्याचे कारण नाही.

तर सप्टेंबरातल्या एका पहाटे शेजारच्या विहिरीवरची मोटार गेली. सकाळी कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले गेले. दोन वाजून गेल्यावर एक माणूस केळींच्या मधून येतो, खोपीकडे वाकतो, दिसेनासा होतो आणि थोड्या वेळाने खांद्यावर ओझे घेऊन परततो. चेहरा नीट कळत नाही. अंगात पांढरा सदरा. दुपारपर्यंत ती चित्रफीत वाडीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचली होती आणि संध्याकाळपर्यंत नावही ठरले होते. पलीकडच्या वाडीत जव्हारकडचा एक तरुण कामाला होता. त्याच्यापाशी एक पांढरा सदरा होता, बाजाराला जाताना घालायचा, आणि तो सर्वांच्या पाहण्यातला. पांढरे सदरे आम्हां बहुतेकांच्या कपाटांत आहेत. माझ्याच कपाटात चार निघतील. पण आमची कपाटे उघडावीत असे कोणाच्या मनात आले नाही.

रात्री ओटीवर आठ-दहा जण जमले. माणसे वाईट नव्हती. यांतल्या तिघांनी त्या मुलाला ताप आला असता दवाखान्यात नेले होते. "काका, तुम्ही बघा. शर्ट स्पष्ट दिसतो," असे म्हणून एकाने मोबाईल माझ्या हाती दिला. मी शर्टाकडे पाहिलेच नाही. सवयीने दिव्याकडे पाहिले, म्हणजे केळींकडे. केळीची पाने दुधासारखी पांढरी होती.

"ही पाने पांढरी कशी?" मी विचारले.

"रात्रीचे तसेच दिसते, काका."

"मग शर्ट?"

कोणी बोलले नाही. मला काय म्हणायचे आहे ते त्यांना कळले नव्हते, आणि ते शब्दांनी पटवून देण्यासारखेही नव्हते.

कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती असते. ती आपल्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ पुढचे, अवरक्तातलेही पाहते. दिवसा ते पाहणे उपद्रवाचे, कारण त्याने रंग बिघडतात. म्हणून भिंग आणि चकती यांच्यामध्ये एक गाळणी असते, ती हे किरण अडविते. अंधार पडला की ती गाळणी बाजूला सरकते. घर शांत असेल तर तिचा 'टक्' असा बारीक आवाज ऐकू येतो. त्याच क्षणी दिवे लागतात आणि चित्र काळेपांढरे होते. ते काळेपांढरे का होते, हे कळले तर सगळे कळते. चकतीवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या सूक्ष्म काचा बसविलेल्या असतात. त्यांवरून कॅमेरा रंग ओळखतो. साडेआठशे नॅनोमीटरच्या प्रकाशाला मात्र या तिन्ही काचा जवळजवळ सारख्याच पारदर्शक. रंग ओळखण्याचे साधनच तेव्हा उरत नाही. कॅमेरा तसा प्रामाणिक आहे. मला रंग कळत नाही, असे सांगून तो चित्रातला रंग काढून टाकतो. आपणच त्या करड्या चित्रात पुन्हा रंग भरतो, आणि फिकट दिसेल त्याला पांढरे म्हणतो.

पानांचे म्हणाल, तर हिरवे पान तांबडा प्रकाश गिळते, पण अवरक्त प्रकाश निम्म्याच्या आसपास परत फेकते. रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० साली अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा भर उन्हाळ्यातली झाडे बर्फ पडल्यासारखी दिसली होती. कापडाच्या बहुतेक रंगांची गतही तीच. आपण ज्याला काळा म्हणतो तो रंग दृश्य प्रकाश शोषून घेतो म्हणून काळा. अवरक्त प्रकाश त्यातून काचेतून जावा तसा आरपार जातो, खालच्या धाग्यावर आपटतो आणि परततो; धागा मुळात पांढराच असतो. काजळीचा काळा तेवढा याला अपवाद, तो सगळेच गिळतो. सैन्याच्या गणवेशाचे कापड रंगविताना म्हणूनच अवरक्तातले परावर्तन मोजावे लागते. नाहीतर दिवसा झुडपात मिसळणारा शिपाई रात्री शत्रूच्या यंत्रात निराळाच उठून दिसायचा.

हे सगळे त्या ओटीवर सांगणे व्यर्थ होते. मी घरातून कपडे आणले. नातवाची गडद निळी शाळेची विजार, मुलाची काळी पँट, छातीवर काळी छपाई असलेला एक टी-शर्ट आणि मयताला घालायचा माझा काळा सदरा. शेजाऱ्यांच्या परवानगीने ते सारे त्याच कॅमेऱ्यासमोर दोरीवर टाकले आणि आम्ही आत जाऊन पडद्यासमोर बसलो. शाळेची विजार फिकट करडी. काळी पँट राखाडी. टी-शर्टवरची छपाई मात्र काळीच्या काळी. आणि माझा मयताचा सदरा नवरदेवाच्या सदऱ्यासारखा पांढराशुभ्र. एक जण बाहेर जाऊन दोरीवर तोच सदरा आहे ना, हे हात लावून पाहून आला.

मग मीच आणखी एक गोष्ट दाखविली, ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दोरीशेजारी आमच्यातले दोघे जण उभे राहिले, एक चांगला गोरा आणि एक सावळा. पडद्यावर दोघांच्या त्वचेत फारसा फरक राहिला नाही. दोघेही मेणासारखे फिकट. त्वचेला सावळेपणा देणारे द्रव्य या किरणांना फारसे अडवीत नाही. चोराच्या चित्रात "वर्णही जुळतो" असे म्हणणारा गृहस्थ तेथेच बसला होता. तो उठून पाणी प्यायला गेला.

त्या रात्रीपुरते प्रकरण थांबले. पोलिसांत तक्रार गेली ती नावाविना. मला येथे एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे असे चित्रण न्यायालयात मांडायचे, तर सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. यंत्र कोणते, ते नीट चालत होते काय, मूळ नोंद तीच आहे काय, हे त्यात येते. हे योग्यच आहे. पण आमच्या चित्रफितीत कोणी कणभरही फेरफार केला नव्हता. ती अस्सल होती, निर्दोष यंत्राने टिपलेली होती, आणि तिच्यावरून एका माणसाचे नाव घेतले गेले होते. प्रमाणपत्राचा रकाना या ठिकाणी काय करणार?

पुढच्या महिन्यात वाडीने नवे कॅमेरे घेण्याचे ठरविले. बसविणारा मुलगा हुशार होता. 'रात्रीही रंगीत' अशी जाहिरात असलेला नमुना त्याने आणला. यात दोन उपाय एकत्र असतात. भिंगाचे तोंड मोठे ठेवतात. एफ-दोनच्या जागी एफ-एक केले की चौपट प्रकाश आत येतो. तरीही अमावास्येला ते पुरत नाही, म्हणून अवरक्ताऐवजी सरळ पांढरा दिवा लावतात. एलईडीतून पांढरा प्रकाश काढणे शक्य झाले ते निळ्या एलईडीमुळे, ज्यासाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळी भुकटी, की झाला पांढरा. त्या उजेडात मी माझा मयताचा सदरा पुन्हा धरून पाहिला. काळा दिसला.

एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण पहिल्याच रात्री त्या दिव्याचा झोत पलीकडच्या काकूंच्या खिडकीतून थेट त्यांच्या बिछान्यावर पडला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, झोप आधीच मोजकी. किड्यांचे थवे भिंगासमोर नाचू लागले आणि माणूस आल्याची सूचना मोबाईलवर रात्रभर वाजत राहिली. आणि उजेडाच्या वर्तुळाबाहेरचा केळींचा भाग, जो पूर्वी चांदण्यात आपल्याच डोळ्यांनी दिसे, तो ठार काळा झाला. प्रकाशाचा हिशेब कठोर असतो. अंतर दुप्पट झाले की तो चौथाई उरतो. दारातला माणूस झगझगीत, विहीर मात्र अंधारात, अशी अवस्था.

बरीच वादावादी होऊन मधला मार्ग निघाला. एरवी अवरक्त दिवेच जळतात. यंत्राने माणूस ओळखला तरच पांढरा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. दिवा पिवळसर छटेचा घेतला, कारण त्याकडे किडे कमी येतात, आणि खाली मान घालून बसविला. काकूंच्या खिडकीकडे तो पाहत नाही. पहाटे फुले घेऊन वसई स्टेशन गाठणाऱ्या बायकांवर तो रोज पेटतो आणि त्या त्याला रोज शिव्या देतात. त्यांचेही चुकत नाही.

मोटार मिळाली नाही. तो तरुण त्या वर्षी भातकापणीला गावी गेला, तो पुढच्या हंगामाला आला नाही. दुसरीकडे जास्त रोज मिळाला असेल, असे त्याचे मालक म्हणतात, असेलही. कॅमेऱ्यातली मूळ नोंद पंधरा दिवसांनी, जागा संपल्यावर, नियमाप्रमाणे आपोआप पुसली गेली. परंतु वाडीतल्या काही मोबाईलांमध्ये ती चित्रफीत अजून आहे. परवाच एकाने काही निमित्ताने ती उघडली, तेव्हा तिच्याखाली त्या दिवशी कोणी टंकलेला मजकूर मी पाहिला : 'पांढरा शर्ट. सगळ्यांना पाठवा.'