कोपरा सोडू नकोस

यवतमाळ,
तान्हा पोळा

चि. बाळूस,


तुझा मेसेज मिळाला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र.

यंदापासून कबड्डीत डावा कोपरा सोडून चढाई करायची म्हणतोस. का, तर चढाईपटूचे गुण सगळ्यांना दिसतात, कोपऱ्यावरच्याला कुणी विचारत नाही आणि निवड चाचणीतही चढाईवाल्यांचंच कौतुक झालं. वर अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ पाठवून लिहिलंस, ‘तिकडे बघा, अडवणाऱ्यालाही कोट्यवधी मिळतात.’

तर आधी तिकडचंच ऐक. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातातून सुटायच्या आत आडवा पाडला, की त्याला ‘सॅक’ म्हणतात. लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स या कामात दादा माणूस. १९६१ ते १९७४ तो खेळला. पण त्यांच्या लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ साली. म्हणजे गड्याची सगळी कमाई अधिकृत यादीच्या बाहेरच राहिली. तरीही १९८० मध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं होतं. मोजणी व्हायची होती, पण ज्यांना खेळ कळत होता त्यांनी बघून ठेवलं होतं.

आपल्याकडे तर आता मोजणीही होते आणि पैसाही मिळतो. प्रो कबड्डीच्या पहिल्या, २०१४च्या लिलावात सर्वांत मोठी बोली होती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. पुढे २०१८ मध्ये एक कोटीचा आकडा सगळ्यांत आधी गाठला तो इराणच्या फजल अत्राचलीने. खेळतो कुठे? डाव्या कोपऱ्यात. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण कमावले आणि १ मार्च २०२४ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक उचलला. त्याच लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला त्याहून जास्त, २ कोटी ६० लाखांवर रक्कम मिळाली, हेही लपवत नाही. चढाईचा भाव वरचाच राहणार. पण ‘कुणी विचारत नाही’ हे तुझं म्हणणं आता खरं नाही.

तुझं खरं दुखणं वेगळं आहे. तुला वाट पाहणं जड जातं. तुझ्या गेल्या सामन्याचं चित्रण मी दोनदा पाहिलं. चढाईपटू तुझ्याकडे पाठ न करता बोनस रेषेकडे सरकतो, पुढचा पाय लांबवतो आणि तू त्या पायावर झेप घेतोस. तो पाय आमिष असतो, लेका! त्याचं वजन मागच्या पायावर असतं. तू वाकलास, की तो तुझ्या पाठीला हात लावून मध्यरेषेकडे पळतो. घोटा पकड कधी करायची? पुढचा पाय जमिनीवर टेकून त्यावर वजन आलं, की त्या क्षणी. त्याआधी नाही, नंतरही नाही. दोन्ही हातांनी घोटा धरायचा, खांदा नडगीला भिडवायचा, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवायचं आणि पाय उचलून आपल्याकडे ओढायचा. पुढचं काम तुझ्या शेजारच्या मध्यरक्षकाचं. तो पोचेपर्यंत सोडायचं नाही. आपला गिरीश इर्नाक बघ. महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक, घोट्यावर गेला की सुटका अवघड. त्याचे हात बघू नकोस, हात घालायच्या आधी तो किती वेळ नुसता उभा असतो ते बघ.

बचावाने काय होतं, ते २०१८ला जकार्तात साऱ्या देशाने पाहिलं. १९९० पासून तोवरची आशियाई स्पर्धेतली पुरुषांची सातही सुवर्णपदकं आपली. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे एकाहून एक चढाईवाले संघात, आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं हरवलं. चाळीस मिनिटांत आपले अठराच गुण. त्या इराणचा कर्णधार होता तोच फजल. आपल्या संघात इर्नाकही होता आणि कांस्यपदक घेऊन परतला.

आणखी एक गोष्ट तुझ्या वयात सुचत नाही. चढाईपटूचा वेग गेला की त्याचा खेळ आटोपतो, बचावपटूची नजर मात्र वयाबरोबर पक्की होते. २०१६ला पाटणा पायरेट्सनी प्रो कबड्डी जिंकली तेव्हा त्यांचा कर्णधार, तमिळनाडूचा बचावपटू धर्मराज चेरलाथन, चाळिशी ओलांडलेला होता. अर्थात, गुडघा शाबूत राहिला तर! मांड्यांचा व्यायाम टाळून नुसता मैदानात उतरशील, तर चाळिशी सोड, पंचविशीही गाठायचा नाहीस.

आता व्यवहाराचं. आपण यवतमाळवाले राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाकडून खेळतो, महाराष्ट्राकडून नाही. आपला रस्ता जिल्हा, मग विदर्भ, मग पुढे. लिलावात सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमतही नऊ लाख आहे, पण तिथवर पोचणारी पोरं मोजकी. बाकीच्यांना आधार रेल्वेचा, पोलिसांचा आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा. त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात आणि पदवीही लागते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र फाईलला लाव, भिंतीवर नको.

तू अमरावतीत राहतोस, हे काही थोडं नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपली कबड्डी जगाला दाखवली होती. रविवारी तिथल्या मैदानावर जात जा आणि तुझ्याहून जाणत्या चढाईपटूंना माझ्याकडे चढाई करा म्हण. मार खाशील, शिकशील.

ताईला सांग, मी दिवाळीला येतो. तोवर हा हंगाम पूर्ण डाव्या कोपऱ्यावरच खेळ. हंगाम संपल्यावरही चढाईच करावीशी वाटली तर कर, मी अडवणार नाही. पण बीएच्या परीक्षेचा फॉर्म मात्र याच आठवड्यात भर.

तुझा,
मामा