कॅबिनेट घेताना

संगणक घ्यायचा म्हटले की माणसे प्रोसेसर कोणता, रॅम किती, एवढेच विचारतात. हे सगळे ज्या पत्र्याच्या पेटीत बसते, त्या कॅबिनेटबद्दल कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. २०१७ साली विचारले नाही आणि त्याची किंमत आमच्या थोरल्या मुलाने मोजली. म्हणून २०२४ साली धाकटीसाठी संगणक जोडताना आम्ही कॅबिनेटपाशी अडून बसलो. तो अनुभव आपल्या घराघरांतील आई-वडिलांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही विक्रोळीला राहतो. दहा बाय पंधराची खोली, वर माळा, माणसे चार. २०१७ साली थोरला बारावीनंतर संगणकाचा कोर्स करू लागला. सरावासाठी घरी संगणक हवा होता. आम्ही उसनवारी करून पैसे उभे केले. दुकानदाराने कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळेल असे सांगितले. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज पुरवणारा डबा. फुकट शब्दाने आम्ही खूश झालो. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, ऐन उकाड्यात, एका संध्याकाळी पेटीतून फट्‌ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुरुस्तीला पैसे नव्हते. परीक्षा दोन महिन्यांवर होती. थोरल्याने काही दिवस मित्राकडे जाऊन सराव केला, मग जाणे बंद केले, मग कोर्सच सोडला. आज तो मोटारसायकलवरून घरोघर सामान पोचवतो. कष्टाची भाकर आहे, तिचा आम्हाला अभिमानच आहे. पण ती संध्याकाळ आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

२०२४ साली धाकटीला बी.एस्सी. आयटीला प्रवेश मिळाला. भिशीचा नंबर आमचा लागला होता, त्यात थोडी भर घालून २७,५०० रुपये जमले. दुकानात जायच्या आधी थोरल्याने वही घेतली आणि हिशेब मांडला. आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर १०,५०० रुपये, मदरबोर्ड ६,०००, रॅम ३,४००, एसएसडी ३,२००, कीबोर्ड-माऊस ८००. मॉनिटर जुनाच, तो जळण्यातून वाचला होता आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेला होता. बेरीज झाली २३,९००. उरले ३,६००. त्यात कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्ही बसवायचे होते.

आम्ही म्हणालो, माळ्यावरचे जुने कॅबिनेटच का वापरू नये? थोरला म्हणाला, मापाने नक्की बसेल. संगणकाच्या बोर्डाचे एटीएक्स नावाचे माप १९९५ साली ठरले. ३०५ बाय २४४ मिलिमीटर. त्यातलाच लहान प्रकार मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४. स्क्रूच्या भोकांच्या जागाही ठरलेल्या. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतो आणि वीस वर्षांपूर्वीची पेटीसुद्धा आज कामाला येते. ज्यांच्या घरी चांगल्या स्थितीतली पेटी आहे त्यांनी नवीन घेऊच नये. आमची पेटी मात्र माळ्यावर गळतीखाली राहून गंजली होती, चालू करायचे बटण तुटले होते आणि पुढे पंख्याला जागाच नव्हती. भंगार बाजारात ऑफिसांतून निघालेल्या देखण्या पेट्या मिळतात, त्यांचाही विचार झाला. पण मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत बोर्डाचे, एसएमपीएसचे आणि बटणांच्या वायरींचे माप पुष्कळदा वेगळेच असते. आपला बोर्ड त्यात बसेलच असे नाही. तेव्हा तोही बेत सोडला.

एका शनिवारी आम्ही चौघे दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या दुकानात आमच्याकडे एकदा पाहून दुकानदाराने न विचारताच कोपऱ्यातले कॅबिनेट पुढे केले. एसएमपीएससह १,५०० रुपये. वर लिहिले होते ५०० वॅट. आम्ही क्षणभर गप्प झालो. हिशेबात ते अगदी बसत होते, उलट २,१०० रुपये उरत होते. पावसाळा तोंडावर होता, घरात छत्र्या नव्हत्या. खरे सांगायचे तर आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो.

थोरल्याने एसएमपीएस सुटा करून हातात द्यायला सांगितले. दुकानदाराने कुरकुरत दिला. थोरल्याने तो आमच्या हातावर ठेवला. रिकाम्या डब्यासारखा हलका. मग शेजारचा, स्वतंत्र मिळणारा ४५० वॅटचा ठेवला. तो चांगलाच जड होता. वजन ही काही पक्की परीक्षा नव्हे, पण आत तांबे, गुंडाळ्या आणि उष्णता शोषणारे धातूचे तुकडे पुरेसे असले की डबा हलका राहत नाही. जड डब्यावर ८० प्लसची खूण होती. २०० वॅट लागत असताना भिंतीतून २५० वॅटपेक्षा जास्त खेचायचे नाहीत, म्हणजे किमान ऐंशी टक्के वीज कामी आली पाहिजे, असा तिचा अर्थ. उरलेल्या विजेची उष्णताच होते. आमचा सगळा संगणक दीडशे वॅटच्या आत चालणार होता, तेव्हा आकडा मोठा असण्यापेक्षा खरा असणे महत्त्वाचे होते.

थोरला हळूच एवढेच म्हणाला, "बाबा, या डब्यात पैसे वाचवू नका." त्यानंतर आम्ही वाद घातला नाही. एसएमपीएस २,४०० ला घेतला. उरले १,२०० रुपये, आणि पेटी अजून घ्यायचीच होती.

धाकटीची नजर काचेच्या पेटीवर होती. एका बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे. वस्तीतल्या एका मुलाकडे तसे आहे. तिच्या वयाला ते साजेसेच, आम्ही रागावलो नाही. पण काचेची बाजू टाइल्सच्या जमिनीवर जरा आपटली की तिचा चुरा होतो आणि आमच्या खोलीत शेजारची लहान मुले दिवसभर खेळतात. शिवाय त्या पेटीच्या तोंडावरही काचच होती. हवा आत जाणार कुठून? थोरल्याने तिला आपल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्याचे उदाहरण दिले. खिडकी बंद ठेवून नुसता एक्झॉस्ट लावला तर धूर धड बाहेर जात नाही. संगणकाचेही तसेच. पुढून गार हवा आत यावी, मागून गरम हवा बाहेर जावी. म्हणून तोंडावर जाळी हवी, जाळीमागे धूळ अडवणारी गाळणी हवी आणि मागे १२० मिलिमीटरचा एक पंखा तरी हवा. आमच्यासारख्या साध्या जोडणीला एवढे पुरते. चार-पाच पंखे आणि दिवे यांचे पैसे कशाला द्यायचे?

मग आम्ही पेट्या हाताने तपासू लागलो. बाजूच्या पत्र्यावर तळहाताने दाबून पाहायचे. कागदासारखा आत जात असेल तर तो पुढे पंख्याबरोबर थरथरतो आणि घरभर घरघर ऐकू येते. आतल्या कडांवरून जपून बोट फिरवायचे. कडा दुमडलेल्या नसतील तर जोडणी करताना बोट कापते. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या खुंट्या आणि स्क्रू पिशवीत आहेत का ते मोजायचे. नको त्या जागी एक खुंटी राहिली तरी ती बोर्डाला खालून टेकून शॉर्ट होऊ शकते. चालू करायचे बटण दहा वेळा दाबून पाहायचे, कारण ते रोज दाबायचे आहे. पुढची यूएसबीची भोके आणि आपल्या बोर्डावरच्या जागा जुळतात का, तेही विचारायचे.

आणि सगळ्यात आधी माप. आमच्याकडे २६ जुलै २००५ ला कमरेएवढे पाणी शिरले होते. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. तेव्हापासून किमती वस्तू आम्ही जमिनीवर ठेवत नाही. संगणक भिंतीतल्या फळीवर जाणार हे ठरलेले होते. फळी ते वरची फळी सोळा इंच. घरून निघताना धाकटीने सुतळीला गाठ मारून ते माप आणले होते. तिने सुतळी लावली आणि तिच्या आवडीची काचेची पेटी अडीच इंचांनी मोठी निघाली. ती हसली आणि स्वतःच म्हणाली, "राहू द्या." मायक्रो एटीएक्सची, काळ्या पत्र्याची, तोंडाला जाळी असलेली पेटी चौदा इंचांची होती. मागे पंखा बसवलेला होता. किंमत २,००० रुपये.

म्हणजे ८०० रुपये कमी. रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही वही पुन्हा उघडली. थोरल्याने पेन घेतले आणि कीबोर्ड-माऊसच्या ८०० वर रेघ मारली. म्हणाला, "माझा आहे ना जुना." बिल पक्के घेतले, १८ टक्के जीएसटी त्यातच धरलेला होता. बिलाशिवाय स्वस्त देतो असेही एकाने सांगितले होते. पण एसएमपीएस बिघडला तर बिलाशिवाय हमी कोण मानणार?

रात्री भावा-बहिणीने जमिनीवर चटई अंथरून जोडणी केली. बारीक वायरी कुठे लावायच्या ते थोरला सांगत होता आणि ती लावत होती. बटणाच्या वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्याच्या मात्र अधिक-उणे पाहूनच लावाव्या लागतात. साडेअकराला पंखा फिरला, पडदा उजळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण एक गोष्ट राहिली होती. पेटी फळीवर सरकवताना मागच्या उघड्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला. आम्ही घाबरलो, सहा वर्षांपूर्वीचा वास नाकात आला. थोरल्याने लगेच पिन काढली. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. एसएमपीएस ठीक होता. आमच्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. एसएमपीएसमधून अगदी थोडी वीज पेटीच्या पत्र्यावर येते, ती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. वाट नसली की ती पत्र्यावरच थांबते आणि हात लागला की झिणझिणते. तेवढी थोडी वीज सहसा जीव घेत नाही. पण उद्या खरोखर तार सुटून पत्र्याला लागली तर वाचवणारी वाटच नाही, हे मोठे भय. वायरमनने मीटरपासून अर्थची वायर ओढून दिली, ६०० रुपये घेतले. झिणझिण्या गेल्या. त्या महिन्यात छत्र्या आल्या नाहीत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कॅबिनेट कितीही चांगले घ्या, आधी घरातले तिसरे भोक जिवंत आहे का ते तपासून घ्या. प्लगची वरची जाड पिन कापू नका, दोन पिनांचा जोड लावू नका. पेटी भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा, बंद कपाटात कोंडू नका, वर कपडे वाळत घालू नका. आणि एसएमपीएस व पेटी यांचे पैसे शेवटी उरले तर बघू असे न म्हणता हिशेबात पहिल्यांदा लिहा.

आज धाकटी त्याच संगणकावर अभ्यास करते. कीबोर्डवरची काही अक्षरे पुसली गेली आहेत. ती थोरल्याच्या बोटांनी पुसली, त्या एका वर्षात. सुरुवातीला तिला ती सापडत नव्हती, तेव्हा तो न पाहता सांगायचा. आता तिलाही पाहावे लागत नाही. दर रविवारी कामावर जायच्या आधी तो पेटीच्या तोंडाची जाळी काढतो, नळाखाली धुतो आणि खिडकीत वाळत ठेवतो. पूर्ण वाळल्याशिवाय कोणाला लावू देत नाही.