साथ नसलेली वर्षं

बार्शीत १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्याआधी १९६३ मध्ये हा विषाणू कोलकात्यात सापडला होता आणि पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये. बार्शीनंतर मात्र सामसूम. पुढची बत्तीस वर्षं देशात चिकुनगुनियाच्या साथीची नोंद नाही. मी डासांतल्या विषाणूंच्या अभ्यासात आले ती या सामसुमीच्या काळात. परीक्षेत दोन मार्कांची टीप लिहिण्यापुरताच हा आजार तेव्हा उरला होता. "अगं, जो रोग आता कुणाला होतच नाही, त्याच्यावर काय काम करणार तू?" असं आई विचारायची. तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आज आहे.

आमचं काम पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत चालतं असं लोकांना वाटतं. त्यातलं निम्मं काम दुसऱ्यांच्या घरात होतं. चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि चावून झालं की घरातच दडून बसतो. खुंटीवर टांगलेल्या शर्टामागे, खाटेखाली, कपाटाच्या सांदीत, देव्हाऱ्यामागच्या अंधारात. सकाळी टॉर्च आणि काचेची नळी घेऊन घरोघर जायचं. नळीला रबराची लांब शेपटी असते, मधे बारीक जाळी. शेपटी तोंडात धरायची, नळीचं तोंड डासाजवळ न्यायचं आणि हवा आत ओढायची. जोरात ओढलं तर त्याचे पाय तुटतात, अंगावरचे खवले झडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पटत नाही. हळू ओढलं तर तो उडून जातो. मला हे शिकवलं आमच्या पथकातल्या एका काकांनी. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण भिंतीवरचा डास कुठल्या जातीचा हे ते लांबूनच सांगायचे. "मॅडम, छातीनं ओढू नका. गालांनी ओढा." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही आणि मी ते पुढे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले.

प्रयोगशाळेत आल्यावर डास थंडीनं सुन्न करायचे आणि बर्फावरच्या बशीत एकेक मांडायचे. एडिस इजिप्तीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना वाकड्या रुपेरी रेघा असतात आणि मधे दोन बारीक. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, त्याच्या पाठीवर मधोमध एकच सरळ पांढरी रेघ. माद्या वेगळ्या काढायच्या, नर वेगळे. नर चावत नाही, तरी तो टाकून द्यायचा नाही. नरात विषाणू सापडला तर तो रक्तातून आलेला नसतो, आईच्या अंड्यातून उतरलेला असतो, आणि ही बातमी मोठी असते. मग गाव, तारीख, जात आणि लिंग लिहून नळी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. पुढे त्या डासांचा अर्क काढून तो पेशींवर टाकायचा आणि रोज बघायचं. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. वहीची पानंच्या पानं 'निगेटिव्ह' या एका शब्दानं भरतात. ज्याला याचा कंटाळा येतो त्यानं या वाटेला येऊ नये.

आता यवतची गोष्ट. २००० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या कीटकशास्त्रज्ञांनी सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये एडिस इजिप्ती पकडले. त्यांच्यातून चिकुनगुनियाचा विषाणू निघाला. देशात साथ नव्हती, वर्तमानपत्रांत एक ओळही नव्हती. दुसऱ्या वर्षी शोधनिबंध छापून आला, तो आमच्यासारख्या मोजक्या लोकांनी वाचला. विषाणू मात्र जपून ठेवलेला होता.

२००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात चिकुनगुनिया उसळला. २००६ संपेपर्यंत देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. बायकांना सकाळी पीठ मळता येत नव्हतं, पुरुषांना बैलाची वेसण धरवत नव्हती. हा विषाणू आला कुठून, हे सांगायला जुने नमुने लागतात. ते पुण्यात होते. नवे विषाणू जुन्यांशेजारी ठेवून त्यांची जनुकं वाचली तेव्हा दिसलं की १९६३ ते १९७३ मधले सगळे आशियाई वाणाचे, २००६ मधले आफ्रिकी वाणाचे. आणि यवतचा? तोही आफ्रिकी. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी हा वाण पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर एका डासाच्या पोटात होता. यवतचाच विषाणू पुढे देशभर पसरला असा याचा अर्थ नाही, एका नळीवरून तेवढं म्हणता येत नाही. पण 'नुकताच बाहेरून आला' हे सोपं उत्तर त्या एका नळीमुळे मोडीत निघालं. आईच्या प्रश्नाला माझं उत्तर यवत हे आहे.

जगाचं आरोग्य हा फार मोठा शब्द वाटतो, पण त्याचे धागे असेच घरगुती असतात. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पावणेआठ लाखांच्या वस्तीतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना चिकुनगुनिया झाला. तिथे विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलॅनिन जाऊन व्हॅलिन आलं. एवढ्याशा बदलानं तो एडिस अल्बोपिक्टसमध्ये सहज वाढू लागला. हा डास बागेतला, झाडीतला, थंडी सोसणारा, आणि जुन्या टायरांच्या व्यापारातून युरोपात पोचलेला. २००७ मध्ये केरळातही हाच बदललेला विषाणू आढळला. त्याच उन्हाळ्यात केरळातून इटलीला नातेवाइकांकडे गेलेल्या एका पाहुण्याला ताप आला आणि राव्हेन्ना प्रांतातल्या छोट्या गावांत दोनशेच्या वर लोक आजारी पडले. विषाणूला पासपोर्ट लागत नाही असं आम्ही सभांमध्ये म्हणतो. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथला डास आधीच मोजलेला होता म्हणून इटलीच्या डॉक्टरांना काही आठवड्यांत छडा लावता आला.

पेशींचा उल्लेख वर ओझरता केला, पण त्यांच्याविषयी बोलताना मला थांबवत नाही. पूर्वी विषाणू वाढवायला नवजात उंदरांच्या मेंदूत टोचावं लागे. १९६७ मध्ये के. आर. पी. सिंग यांनी पुण्यातच, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्या बारीक चिरल्या आणि त्यांच्या पेशी बाटलीत वाढवून दाखवल्या. जपानच्या अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये सिंगांच्या त्या अल्बोपिक्टसच्या पेशींतून डेंग्यू आणि चिकुनगुनिया उत्तम वाढवणारी एक शाखा निवडली. तिचं नाव सी६/३६. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सिंग यांचं नाव ठेवलं, ही सभ्यता मला फार आवडते. आज जगात जिथे जिथे डेंग्यू, झिका, चिकुनगुनियाचा विषाणू वेगळा काढतात तिथे बहुतेक ठिकाणी या पेशी असतात. बँकॉकला एका प्रशिक्षणात माझ्यासमोर पेशींची बाटली आली आणि तिच्यावर सी६/३६ लिहिलेलं होतं. शेजारी सेनेगलचा एक तरुण होता. "या मूळच्या माझ्या गावच्या," असं मी त्याला सांगितलं. तो हसला, त्याला ते खरं वाटलं नाही. मी कागदावर सगळी वंशावळ काढून दाखवली.

यवतच्या नळीसारखीच दुसरी एक कुपी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या कोलारमध्ये मेंदूज्वराच्या साथीत, म्हणजे जपानी एन्सेफलायटिसच्या साथीत, एनआयव्हीनं एक विषाणू वेगळा काढला. त्यापासून बनलेली देशी लस बाजारात आली ती २०१३ मध्ये. मधल्या काळात ती कुपी राखणाऱ्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. वीज गेली की रात्री धावत येऊन जनरेटर चालू झाला का ते पाहणारे, फ्रीझरचं तापमान वहीत टिपणारे, नळीवरची पुसट चिठ्ठी पुन्हा लिहिणारे. माझ्या मते या शास्त्राचा कणा तेच आहेत.

गावात मात्र शास्त्र एका पिंपाशी येऊन थांबतं. पुरंदरमधल्या बेलसरला २०२१ च्या पावसाळ्यात तापाची साथ आली, रक्त तपासलं तेव्हा बहुतेक चिकुनगुनिया निघाला आणि एक झिका. राज्यातला झिकाचा तो पहिला रुग्ण. अशा गावांत फिरताना आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करा, हे आम्ही सांगत आलो. एका आजींनी मला हात धरून न्हाणीत नेलं. "बाई, पाणी येतंय आठ दिसांनी. हे वतून दिलं तर पोरांनी प्यायचं काय?" त्यांचं बरोबर होतं. जिथे नळाला रोज पाणी नाही तिथे पिंप भरलेलंच राहणार. मी त्यांना पाणी ओतायला सांगितलं नाही. कपड्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढायला सांगितलं आणि रिकाम्या पिंपाची आतली बाजू काथ्यानं खसाखसा घासून दाखवली. एडिसची मादी पाण्यात अंडी सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ती काळी, बारीक, मोहरीहूनही लहान अंडी कोरडी पडून कित्येक महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही. आजींनी तळहातावरची अंडी उन्हात धरून पाहिली आणि शेजारणीला हाक मारली. या डासावरचं माझं ठाम मत असं आहे की रोज येणारा नळ हा धुराच्या फवाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा उपाय आहे. धूर उडते डास मारतो, पिंपाची भिंत तशीच राहते.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. ताप येऊन दुसऱ्याच दिवशी केलेली प्रतिपिंडांची चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण ती प्रतिपिंडं रक्तात दिसायला साधारण पाच दिवस लागतात. तेव्हा बरं वाटल्यावर आरोग्य केंद्रातून कुणी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं तर जा. तुम्हाला त्याचा उपयोग नसेल, पण तुमच्या गावात कुठला विषाणू फिरतो आहे हे त्या दुसऱ्या नमुन्यातून कळू शकतं. आणि आशाताई किंवा आरोग्य सेवक टॉर्च घेऊन दारात आले तर "आमच्याकडे कुणालाच ताप नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्यांना आत घ्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून दाखवा. कुणाला ताप नसतानाच त्यांनी यायला हवं.